माझं नाव सांगा

सुताराचा नंबर देताना शेजारचे काका दोनच वाक्यं बोलले. 'हात चांगला आहे, पण वेळेचा जरा कच्चा आहे, मागे लागावं लागेल,' हे पहिलं. मी जिना उतरायला लागलो तेव्हा मागून दुसरं आलं, 'फोन करताना माझं नाव सांगा.'

स्वयंपाकघराच्या कामासाठी माझ्याकडे आधीच तीन नंबर होते, मोबाइलवर शोधून काढलेले. एकाच्या नावापुढे साडेचार तारे होते, दुसऱ्याकडे चकचकीत फोटोंची लांबलचक रांग होती आणि तिसरा पहिल्याच फोनवर 'आज बुक केलंत तर' सवलत द्यायला तयार होता. तरी मी फोन केला तो काकांच्या सुताराला. त्याच्याबद्दल मला मिळालेली निम्मी माहिती तर वाईटच होती!

तो आला, टेपनं ओट्याखालची मापं घेतली, कानावरची पेन्सिल काढून प्लायच्या तुकड्यावर आकडे लिहिले आणि दराचं बोलण्याआधी विचारलं, 'काका काय म्हणाले माझ्याबद्दल?' मी खरं ते सांगितलं. तो हसला. 'मग आठ दिवस जास्तीचेच धरून सांगतो,' म्हणाला. काम सांगितलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी संपलं. शेवटच्या कप्प्याची मूठ बसवून झाल्यावर तो गॅलरीत गेला आणि त्यानं कुणाला तरी फोन लावला. मला वाटलं, पुढच्या गिऱ्हाइकाला असेल. दोन दिवसांनी फाटकाशी काका भेटले तेव्हा कळलं, फोन त्यांना होता. 'तुम्ही पाठवलेलं काम झालं, एकदा बघून या.' मला बिल देण्याआधी त्यानं काकांना हिशेब दिला होता.

हे प्रकरण त्या गॅलरीतल्या फोनबद्दल आहे.

धंद्याच्या पुस्तकांत या सगळ्याला नेटवर्किंग आणि रेफरल म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी जुने आणि जास्त नेमके शब्द आहेत : ओळख काढणं, शब्द टाकणं, भीड घालणं, जामीन राहणं. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या वजनाचा आहे. ओळख काढायला काही लागत नाही, बसमध्येही निघते. शब्द टाकायचा तर आपल्या शब्दाला किंमत असावी लागते. आणि वशिला हा या कुळातला बिघडलेला मुलगा. शिफारस करताना माणूस कामाबद्दल बोलतो. वशिला लावला की कामाबद्दल कुणी काही विचारू नये अशी सोय होते. काकांनी शिफारस केली होती, कारण सुताराचा दोषही त्यांनी सांगितला होता. तो सांगितला नसता तर मी त्यांच्या कौतुकावर निम्माच विश्वास ठेवला असता.

'माझं नाव सांगा' म्हणताना काकांनी आपली पत उसनी दिली, तीही एकाच वेळी दोघांना. सुतार पैसे घेऊन पसार झाला असता तर मी काकांच्या दारात गेलो असतो, आणि मी सुताराचे पैसे बुडवले असते तर तोही तिथेच गेला असता. काकांना या व्यवहारातून एक रुपया मिळणार नव्हता. फक्त गमवायला होतं. हे एकदा लक्षात आलं, की ओळखीतून वाढणाऱ्या धंद्याची बरीचशी कोडी सुटतात.

हा हिशेब आपल्या बाजारपेठांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे आणि त्याची खूण एका मराठी शब्दात अजून शिल्लक आहे : शहाजोग. आज कुणाला शहाजोग म्हटलं तर तो रागावेल. शहाजोगपणा म्हणजे नामानिराळं राहून साळसूदपणाचा आव आणणं. हुंडीच्या व्यवहारात मात्र हा मानाचा शब्द होता. समजा, पुण्याच्या पेढीनं सुरतेच्या पेढीवर हुंडी लिहिली. ती दर्शनी असेल तर दाखवताक्षणी पैसे द्यायचे, मुदतीची असेल तर मुदत भरल्यावर. पण कुणाला द्यायचे? हुंडी शहाजोग असेल तर ती घेऊन येईल त्या कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. ते 'शहा'लाच द्यायचे, म्हणजे त्या बाजारात ज्याची पत आहे अशा पेढीवाल्याला. परगावाहून आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात हुंडी खरी असली तरी त्याला आधी गावातला एखादा शहा गाठावा लागे आणि त्याच्यामार्फत पैसे घ्यावे लागत. पुढे हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली, तर ती रक्कम व्याजासकट परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई.

म्हणजे 'माझं नाव सांगा' याची ही कागदावरची आवृत्ती, आणि तीही खऱ्या जबाबदारीची. नाव द्यायचं तर नुकसान सोसायची तयारी ठेवायची. त्यामुळे शहा कुणालाही नाव देत नसणार, आणि म्हणूनच त्यानं दिलेल्या नावाला किंमत होती.

हुंडीच्या जगात आणखी एक सुंदर कागद होता, जिकरी चिठ्ठी. हुंडी देणारा ती घेणाऱ्याच्या हातात एक वेगळं पत्र देई. ज्या गावी हुंडी वटायची तिथल्याच दुसऱ्या एखाद्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या नावे ते असे आणि त्यात विनंती असे, की समजा अमक्यानं हुंडी नाकारली, तर आमच्या भरवशावर तुम्ही ती स्वीकारा. मुख्य दार बंद झालं तर ठोठावायचं दुसरं दार! इंग्रज सरकारनं 1881 साली परक्राम्य संलेखांचा कायदा केला, आज आपले चेक ज्या कायद्यानं चालतात तोच. त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या अशा कागदांविषयीच्या स्थानिक रूढींना हात लावलेला नाही. पेढ्यांची ही रीत कायद्याच्या आधीची होती आणि कायद्यानंही ती तशीच राहू दिली.

मी स्वतः या परीक्षेत एकदा सपशेल नापास झालो आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम करणारा एक गृहस्थ मला कुठल्याशा कार्यक्रमात भेटला. बोलणं गोड, कार्ड जाड. मी त्याचं काम पाहिलेलं नव्हतं. पण मित्राच्या घराला गळती लागली तेव्हा मी ऐटीत नंबर दिला आणि वर म्हणालो, 'माझं नाव सांग.' पहिल्या पावसात गच्ची पूर्वीपेक्षा जास्त गळली आणि त्या गृहस्थाचा फोन बंद. मित्र मला एका शब्दानं बोलला नाही. पण त्यानंतर वर्षभर त्यानं मला कशाबद्दलच सल्ला विचारला नाही. माझी हुंडी नाकारली गेली होती, आणि व्याज मी असं भरत होतो.

शब्दाच्या जोरावर आलेलं गिऱ्हाईक खरंच जास्त मोलाचं असतं का, की ही आपली भाबडी समजूत? यावर एक चांगला अभ्यास आहे. फिलिप श्मिट, बर्न्ड स्कीरा आणि क्रिस्टोफ व्हान डेन बुल्टे या तिघांनी जर्मनीतल्या एका बँकेच्या जवळजवळ 10,000 खातेदारांचे हिशेब सुमारे तीन वर्षं तपासले आणि 2011 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुना ग्राहक नव्याला घेऊन आला, की बँक जुन्याला 25 युरो देत असे. असे कुणीतरी आणलेले ग्राहक आणि जाहिरात वगैरे पाहून आपणहून आलेले ग्राहक यांची तुलना केली, तेव्हा आणलेले ग्राहक बँक सोडून जाण्याचं प्रमाण सुमारे 18 टक्क्यांनी कमी निघालं, आणि बँकेच्या दृष्टीनं त्यांचं मोल किमान 16 टक्क्यांनी जास्त. सुरुवातीला अशा ग्राहकांकडून नफाही जास्त मिळत होता, पण तो फरक काळाबरोबर विरत गेला. टिकून राहण्यातला फरक मात्र विरला नाही. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. बँक बदलायची म्हणजे ज्यानं आपल्याला तिथे नेलं त्यालाही थोडंसं सोडायचं. तारे पाहून आलेला माणूस दुसरीकडे जास्त तारे दिसले की जातो. त्याला कुणाला तोंड दाखवायचं नसतं.

त्या 25 युरोंबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे हा प्रश्न फार नाजूक आहे. शब्द टाकणाऱ्याला पैसे द्यावेत का? बँकेचं खातं ही छोटी बाब. दोघांनाही बक्षिसाची कल्पना असते आणि चुकलं तर फार काही बिघडत नाही. पण समोरच्याला माल पारखता येत नसेल, तो सर्वस्वी तुमच्या शब्दावर अवलंबून असेल आणि तुम्ही आतून पैसे घेत असाल, तर त्याचं जे रूप होतं त्याला महाराष्ट्रात नाव आहे : कट प्रॅक्टिस. डॉक्टरनं रुग्णाला तपासणीसाठी किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचं आणि बिलातला ठरलेला वाटा पाकिटातून परत यायचा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत असं कमिशन देणं आणि घेणं दोन्ही निषिद्ध आहे. तरीही 2017 साली राज्य सरकारला कट प्रॅक्टिसविरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदा करावासा वाटला, यावरून रोग किती मुरला होता ते कळतं. रुग्ण चिठ्ठीवरच्या नावाला शब्द समजतो; प्रत्यक्षात ती विक्रीची पावती असते. इस्टेट एजंटाची दलाली उघड असते, दोन्ही बाजूंना ठाऊक असते, तिच्यात काहीच वावगं नाही. शब्द म्हणून दिलेल्या नावाची लपून घेतलेली किंमत मात्र मला तरी चोरीच वाटते.

आता दुसरी बाजू. ज्याची कुणाशीच ओळख नाही त्यानं काय करायचं?

हा प्रश्न पॉल हॅरिस नावाच्या वकिलाला पडला होता. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका छोट्या गावात आजी-आजोबांपाशी वाढलेला हा माणूस 1896 साली शिकागोत वकिली करायला आला. शहर अफाट, धंदा बरा, पण सुट्टीच्या दिवशी जायला घर नाही. 1900 च्या उन्हाळ्यात एका वकील मित्रानं त्याला रॉजर्स पार्क या उपनगरात जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर दोघं फिरायला निघाले. मित्र वाटेतल्या दुकानांशी थांबे, दुकानदाराला नावानं हाक मारी आणि हॅरिसची ओळख करून देई. एवढ्या मोठ्या शहरात एका माणसानं आपल्यापुरतं गाव करून ठेवलं होतं. हॅरिसच्या डोक्यात ते बसलं.

त्यानंतर पाच वर्षांनी, 23 फेब्रुवारी 1905 रोजी, शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमधल्या 711 क्रमांकाच्या खोलीत चौघं जमले : वकील हॅरिस, कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर आणि शिंपी हायरम शोरी. खोली लोअरची कचेरी होती. पुढची बैठक दुसऱ्याच्या कचेरीत, त्यापुढची तिसऱ्याच्या. या फिरण्यावरून क्लबचं नाव पडलं रोटरी. आज आपल्याला रोटरी म्हणजे पोलिओची लस, रक्तदान शिबिरं आणि शाळांना दिलेले बाक आठवतात. पण सुरुवातीचा उद्देश उघडउघड धंद्याचा होता. एका व्यवसायातून एकच सभासद, म्हणजे आतल्या आत स्पर्धा नको. सभासदांनी शक्यतो एकमेकांकडूनच माल घ्यावा, आणि कुणी कुणाला किती काम दिलं याची नोंद ठेवायलाही एक माणूस नेमलेला होता. पहिले दोन उद्देश लिहिले गेले ते असेच : सभासदांचा धंदा वाढवणं आणि त्यांच्यात स्नेह वाढवणं.

वर्षभरात गंमत झाली. 1906 मध्ये एका सभासदानं डोनाल्ड कार्टर या पेटंटच्या वकिलाला क्लबात यायचं आमंत्रण दिलं. कार्टरनं विचारलं, क्लब करतो काय? उत्तर ऐकून त्यानं नकार दिला. जो क्लब फक्त आपल्याच सभासदांचं भलं करतो, बाहेरच्या कुणासाठी काही करत नाही, त्याला भवितव्य नाही, असं त्याचं म्हणणं. हे उत्तर झोंबलं आणि पटलंही. शहराच्या हिताचा तिसरा उद्देश घातला गेला आणि मग कार्टर सभासद झाला. त्यानंतर क्लबनं हाती घेतलेलं पहिलं मोठं काम फारसं दिमाखदार नव्हतं. शिकागोच्या मध्यवस्तीत सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून या मंडळींनी खटपट केली, दोनेक वर्षं झगडली आणि ते बांधून घेतलं.

एकमेकांना गिऱ्हाइकं देण्याची मूळ कल्पना मात्र मेली नाही. 1985 साली कॅलिफोर्नियात आयव्हन मिझनर यांनी बीएनआय ही संघटना सुरू केली, तिथे एका धंद्याचा एकच सभासद हा जुनाच नियम पुन्हा आला. दर आठवड्याला सकाळी बैठक, प्रत्येकाला बोलायला ठरावीक वेळ आणि कुणी कुणाला काम मिळवून दिलं याची जाहीर नोंद. महाराष्ट्रात अभियंते माधवराव भिडे यांनी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबनं मराठी उद्योजकांना हीच सवय लावायचा प्रयत्न केला. 'धंद्याचं कसं विचारायचं, बरं दिसत नाही' अशी लाज असलेल्या आपल्या समाजाला ती सवय हवीच होती.

पण अशा बैठकांना मी गेलो आहे, आणि कार्टरचा प्रश्न दरवेळी आठवतो. शेतीत एक जुनी पद्धत आहे, सावड. आज तुझ्या शेतावर आम्ही, उद्या माझ्या शेतावर तुम्ही. दिवसाला दिवस, बैलाला बैल. पद्धत चोख आहे, तिच्यावाचून कितीतरी लहान शेतकऱ्यांची पेरणी अडली असती. पण सावडीत नोंद तोंडपाठ असते. या बैठकाही एक सावडच : तिथे दर आठवड्याला काहीतरी द्यायचंच म्हणून माणसं कशीबशी नावं पुढे करतात, 'माझ्या मेव्हण्याला कदाचित विमा लागेल' अशी. ज्या शब्दामागे काहीच गमवायचं नाही, तो शहाजोग नव्हे. गमतीचा भाग असा, की अशा क्लबांतून ज्यांना खरोखर काम मिळालं त्यांना विचारा. ते बैठकीचं सांगत नाहीत. सभासदाच्या वडिलांना दवाखान्यात नेलं होतं तेव्हा रात्री कोण थांबलं होतं, ते सांगतात.

शेतीतच दुसरीही एक पद्धत आहे, वानवळा. शेतात नवं काही आलं की शेंगांची ओंजळ, हरभऱ्याची जुडी शेजारी-पाजारी, पाहुण्यांकडे जाते. त्याची नोंद नसते. परत काय आलं हे कुणी मोजत नाही, पण वाटीसुद्धा रिकामी परत येत नाही.

मुंबईत गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती बायका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं छगनलाल करमशी पारेख ऊर्फ छगनबाप्पा या सामाजिक कार्यकर्त्याकडून उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती विकत घेतली भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं. लिज्जतची ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकांतली झाली आहे, आणि बहुतेक वेळा ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण मला तिच्यातले लहान तपशील जास्त महत्त्वाचे वाटतात. उसने पैसे मिळाले ते ओळखीवर, पहिलं गिऱ्हाईकही ओळखीचं. म्हणजे पहिल्या दिवशी दोन माणसांची पत या सात जणींच्या पाठीशी होती. पुढे त्यांनी ती वापरली कशी ते बघा. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करायचे, एक स्वस्तातला, असं चाललं होतं. छगनबाप्पांचा सल्ला असा, की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. त्यांनी ते ऐकलं. भुलेश्वरचा व्यापारी आपल्या गिऱ्हाइकाला पाकीट देताना आता एकाच गोष्टीची हमी देत होता. कोणतं पाकीट चांगलं, कोणतं जरा कमी, हे त्याला लक्षात ठेवायला नको. आणि तोट्यात गेलं तरी कुणाकडे देणगी मागायची नाही, हे त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

दुसरा तपशील तुटलेल्या पापडांचा. पापड तुटतातच. ते शेजाऱ्यांना वाटले जात. आजच्या भाषेत कुणी याला मोफत नमुना म्हणेल. त्या बायकांच्या मनात असलं काही असेल असं मला वाटत नाही. टाकून काय द्यायचे, शेजारी द्या. तो वानवळाच. पण भाजलेल्या तुकड्याची चव ज्या घरांत गेली, त्या घरांतल्या बायकांना कुणी जाहिरात दाखवायची गरज उरली नाही. तीन महिन्यांत लाटणाऱ्या सुमारे 25 झाल्या. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये, तीही पावसाळ्याचे चार महिने पापड वाळत नाहीत म्हणून काम बंद ठेवून. पुढच्या पावसाळ्यासाठी त्यांनी खाट आणि शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. बोलता बोलता गोष्ट पसरली, देशी भाषांच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं आणि गिरगावाबाहेर नाव गेलं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की जवळची माणसं धरून ठेवली म्हणजे झालं. तसं नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकती नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ओळखीतून नोकरी कळली असेल तर ती सांगणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? 1973 च्या त्यांच्या लेखात अशा 54 जणांची उत्तरं आहेत. आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्याकडून कळलेले फक्त 16.7 टक्के. अधूनमधून भेटणाऱ्याकडून 55.6 टक्के. वर्षातून एखाद वेळी किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याकडून 27.8 टक्के. कारण साधं आहे. रोज भेटणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या कट्ट्यावर बसणाऱ्याकडून. पुढे लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून अधिक लोकांवर पाच वर्षं केलेले प्रयोग 2022 साली 'सायन्स'मध्ये आले. त्यात या म्हणण्याला दुजोरा मिळाला, फक्त एक दुरुस्ती होऊन : अगदी अनोळखीही नको आणि अगदी घट्टही नको, बेताची ओळख सगळ्यात कामाची.

धंदा करणाऱ्यानं यातून घ्यायचं ते असं, की बातमी लांबून येते आणि भरवसा जवळून. लांबच्या माणसानं सांगितलं की 'तिकडे एक सोसायटी रंगाचं काम काढतेय', तर ती बातमी. त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कुणी म्हणालं की 'यांनी आमचं काम केलंय, माझं नाव सांगा', तर तो शब्द. काम मिळायला दोन्ही लागतात. म्हणून शाळेतला जुना वर्गमित्र, आधीच्या नोकरीतला सहकारी, गावाकडच्या यात्रेत भेटणारा माणूस यांना कामाशिवाय फोन करणं वाया जात नाही. दिवाळीला चारशे जणांना एकच चित्र पाठवलं तर ते वाया जातं.

ओळखीच्या धंद्याला एक कुंपणही असतं, आणि त्याबद्दल न बोलता हे प्रकरण संपवणं अप्रामाणिक होईल. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांत वीस वर्षांत शिकलेल्या विद्यार्थ्यांची माहिती गोळा केली आणि 2006 साली अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जातींतल्या पुरुषांना गिरण्या, बंदर अशा ठिकाणी जातभाईंच्या ओळखीनं पिढ्यान्‌पिढ्या काम मिळत आलं, त्या घरांतले मुलगे नव्वदच्या दशकातही मराठी माध्यमातच जास्त राहिले, कारण ओळखीची नोकरी वाट पाहत होती. त्याच घरांतल्या मुलींसाठी अशी ओळखीची साखळी कधी नव्हतीच. त्या भराभर इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. ज्या दोरीनं बापाला वर काढलं, तीच मुलाला खुंटीला बांधून ठेवते, असं अनेक घरांत झालं. आपला नंबर फक्त आपल्याच आळीत, आपल्याच आडनावांत फिरत असेल, तर आपणही त्या मुलांसारखेच आहोत.

राहता राहिला गॅलरीतला फोन. गेली काही वर्षं मी लहान धंदेवाल्यांशी बोलताना त्यांना एकच प्रश्न विचारतो : कुणी पाठवलेलं काम पूर्ण झाल्यावर पाठवणाऱ्याला कळवता का? बहुतेक जण गप्प बसतात. काम मिळाल्यावर आभार मानतात, क्वचित मिठाईचा पुडाही जातो. काम संपल्यावर मात्र कुणी आठवण ठेवत नाही. नाव देणाऱ्याच्या जिवाला त्या मधल्या काळात घोर असतो, कारण त्याची पत बाहेर गेलेली असते. ती सुखरूप परत आली, एवढंच त्याला ऐकायचं असतं. काम बिघडलं असेल तर ते गिऱ्हाइकाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळावं, ही त्याची रास्त अपेक्षा असते.

तेव्हा एक कागद घ्या. शेवटच्या दहा गिऱ्हाइकांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर ते कुणाच्या सांगण्यावरून आलं ते लिहा. काही जागा रिकाम्या राहतील, त्या राहू द्या. जी नावं आली, त्यांतल्या ज्यांना काम झाल्याचं अजून कळवलेलं नाही, त्यांना आज संध्याकाळी फोन करा. नवीन काम मागू नका.